दिवे गेले की उठायचं

तिला सगळे बदलीताई म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं होतं, आणि हजेरीलाही दुसऱ्यांदा पुकारल्याशिवाय तिच्याकडून ओ येत नसे. तिचं काम असं होतं की सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटावं, बाई आपली फिरकी घेतेय. टेलिव्हिजनच्या त्या मोठ्या गोल इमारतीत ती दुसऱ्यांच्या खुर्चीत बसायची. बातम्या देणाऱ्या बाई आरशासमोर भुवया कोरून घेत असायच्या, तेव्हा त्यांच्या जागी ही. मुलाखतीला आलेले थोर गृहस्थ साहेबांच्या खोलीत चहा पीत असायचे, तेव्हा त्यांच्या जागी ही. नाटकातली आजारी आई खाटेवर निजायची, त्याआधी ती खाट हिने ऊबदार करून ठेवलेली असायची. हिच्या तोंडावर दिवे लावून बघत. नाकाची सावली ओठावर येते का, गळ्याखाली काळं पडतं का, चष्म्याची काच चमकते का. सगळं मनासारखं झालं की दिवे घालवत, ही अंधारात उठे, आणि खरं माणूस येऊन बसे. मग दिवे पुन्हा लागत आणि घरोघर लोक त्या खऱ्या माणसाला बघत.

खरं माणूस हा तिकडचा नेहमीचा शब्द होता. "खरं माणूस आलं का?" असं कोणीही कोणालाही विचारी, आणि बदलीताईच्या समोर विचारी. तिला त्याचं काही वाटत नसे. निदान तेव्हा वाटत नसे.

सुरुवातीला शेजारणी तिला बघायला मिळेल म्हणून टीव्हीपुढे ठाण मांडून बसत. ती कधीच दिसली नाही तेव्हा त्यांनी नाद सोडला. एक तर तोंडावरच म्हणाली, "तुझं तिकडे काहीतरी दुसरंच काम असणार." बदलीताई हसून आत गेली. आता हिची काय समजूत घालायची, की जे दिसतं ते नीट दिसावं म्हणून जी आधी बसते, तीच मी.

मुळात ती तिथे टेलिफोनवर लागली होती. इमारत नवी कोरी होती तेव्हाची गोष्ट. पूर्वी त्या जागी विटांच्या भट्ट्या होत्या, आणि पाया खणताना इतक्या विटा निघाल्या म्हणे, की आतल्या चौकाचं अंगण त्यांतच झालं. इमारत गोल, त्यामुळे आतला बोळही गोल. नवा माणूस ज्या दारातून शिरे त्याच दारापाशी घामाघूम होऊन परत येई. एक मंत्री असेच फिरत राहिले आणि त्यांच्या वेळात मासे पाळण्याचा कार्यक्रम दाखवावा लागला. एकदा कोणी गायिका आली नाही वेळेवर, दिवे तर लावून बघायला हवेत, म्हणून फ्लोअर मॅनेजरने टेलिफोनवरच्या पोरीला हाताला धरून स्टुडिओ दोनमध्ये नेलं. तिची उंची बरोबर होती आणि ती चुळबुळ करत नव्हती. एवढ्या दोन गुणांवर तिचं आयुष्य ठरलं.

"एक ध्यानात ठेव," फ्लोअर मॅनेजर तिला म्हणाला. "दिवे गेले की उठायचं. रेंगाळायचं नाही. ती खुर्ची खऱ्या माणसाची आहे. उठायचं आणि सरळ कँटीनला जायचं."

ती सरळ कँटीनला गेली. त्यानंतरही दर वेळी कँटीनलाच गेली. ही सवय तिच्या हाडीमांसी इतकी मुरली, की घरी वीज गेली तरी ती हातातलं काम टाकून उभी राही. दाताच्या डॉक्टरने एकदा खुर्चीवरचा दिवा घालवला, तशी तोंडात कापूस घेऊन ही जिन्यापर्यंत पोचलेली. डॉक्टरला वाटलं, बाई घाबरल्या.

दिव्यांखाली बसलेल्या माणसाला पलीकडचं काही दिसत नाही. डोळ्यांपुढे उजेडाची भिंत, आणि तिच्यामागे नुसता काळोख. त्या काळोखात लाइटवाला उभा असायचा. छताला जाळीभर दिवे टांगलेले, आणि त्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला आकडा. तो आकडा दिव्याच्या कडीत अडकवायचा, टक् असा आवाज व्हायचा, की दिवा वळायचा. बदलीताईला ऐकू यायचा तो टक्, आणि आवाज. "डावीकडे. थोडं. हनुवटी खाली. हां. घालव." हे शेवटचं बोर्डावर बसलेल्या माणसासाठी. त्याने खटका ओढला की अंधार.

कितीतरी महिने तिने तो आवाजच ऐकला होता. कँटीनमध्ये रोज तिच्या पुढ्यातच एक काटकुळा माणूस चहात बिस्कीट बुडवून ते हमखास पाडायचा आणि चमच्याने शोधत बसायचा. एकदा त्याने तिला, "थोडी साखर इकडे," म्हटलं, आणि तिच्या हातातून साखरेचं भांडंच निसटलं. तो म्हणाला, "घाबरलात?" ती म्हणाली, "तुम्हाला तोंड आहे हे माहीत नव्हतं." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. कँटीनवाला आयुष्यभर सांगत राहिला, की ते लग्न त्याच्या साखरेने जमलं.

त्यांना एक लेक झाली. ती गोल बोळातच चालायला शिकली, त्यामुळे तिची चाल जराशी एका बाजूला झुकलेली आहे, असं तिचे बाबा म्हणत. काळी-पांढरी चित्रं गेली, रंग आला. रंग आल्यावर सगळ्या भिंती पुन्हा रंगवल्या, मेकअपवाल्याने जुन्या डब्या फेकल्या, आणि बदलीताईला फिक्या रंगाचे कपडे घालून येण्याची मनाई झाली. ज्यांच्या जागी ती बसली त्यांतले एकेक जण म्हातारे झाले, आणि मग एकेक जण बातम्यांत आले. बातम्या देणाऱ्या बाईच वारल्या, त्यांची बातमी द्यायला नवी मुलगी होती, आणि तिच्या आधी त्या खुर्चीत बदलीताई बसली होती. त्या दिवशी दिवे गेले तेव्हा तिला वाटलं, आपल्या पाठोपाठ कोणीतरी येऊन बसलंय, आणि ते ती नवी मुलगी नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बसलं तर बसलं. उजेड तर दोघींनाही तोच लागतो." तो असा माणूस होता.

पुढे एवढ्या मोठ्या इमारतीची कुणाला गरज उरली नाही. शहराबाहेर काचेची नवी कचेरी उभी राहिली, तिकडे खुर्च्यासुद्धा नव्या होत्या, आणि बदलीची पद्धत नव्हती. दोघांनाही निरोप समारंभात एकेक घड्याळ मिळालं. गोल इमारतीला कुलूप लागलं.

आता ती दुपार. लाइटवाला बरेच महिने अंथरुणाला खिळलेला होता. बोलणं जवळजवळ बंद झालेलं, नजर छतावर कुठेतरी भरकटलेली. खाट पुढच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीपाशी. लेक दुसऱ्या गावाहून निघाली होती, संध्याकाळपर्यंत पोचणार होती. बदलीताई खाटेजवळ खुर्ची घेऊन बसली होती आणि खिडकीतलं ऊन तिच्या तोंडावर आलं. ती खुर्ची सरकवणार, तोच त्याची नजर छतावरून खाली आली आणि तिच्यावर ठरली. ओठ हलले.

"हनुवटी खाली."

तिने खाली केली. पुष्कळ दिवसांनी शब्द ऐकून तिला इतका आनंद झाला की त्याने उभं राहा म्हटलं असतं तर ती नाचलीही असती. मग तो, "डावीकडे," म्हणाला. मग, "पुरे." मधे बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "जरा इकडे." असं चाललं होतं. शेवटी तो म्हणाला, "हां. घालव."

आणि ती उठली.

तिने ठरवलं नाही, तिचे पाय उठले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाचं आधण ठेवलं, कारण दिवे गेले की उठायचं आणि कँटीनला जायचं. दोन कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा खाटेवर तो नव्हता, म्हणजे होता, पण नव्हता. ऊन रिकाम्या खुर्चीवर पडलं होतं.

संध्याकाळी लेक आली. रडून रडून तिचं तोंड सुजलं होतं. तिने पहिलं काय विचारलं तर, "तू जवळ होतीस ना? हात धरला होतास ना त्यांचा?"

"हो," बदलीताई म्हणाली.

एवढाच एक शब्द, पण तो घरोघर गेला. लेक जो भेटेल त्याला सांगायची, की आई शेवटच्या श्वासापर्यंत बाबांचा हात धरून होती. लोक बदलीताईकडे आदराने बघत, एखादी बाई डोळे पुसे. बदलीताई मान खाली घालून बसे. ती लाजते असं लोकांना वाटे. खरं म्हणजे तिला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं होई.

खोटं बोलणं एक वेळ पचलं असतं. तिला खात होता तो प्रश्न वेगळाच. त्या दुपारी तो शुद्धीवर होता का? शुद्धीवर असेल, तर त्याने तिला जाणूनबुजून खोलीबाहेर काढलं. त्याला ठाऊकच होतं की "घालव" म्हटलं की ही उठणार. आणि शुद्धीवर नसेल, तर त्याहून वाईट. मग त्याला समोर बायको दिसलीच नाही. दिसली नुसती बदली, आणि तो वाट बघत होता खऱ्या माणसाची. ते कोण, हे ती कुणाला विचारणार?

लेकीने तिला आपल्याकडे राहायला नेलं. तिथेही दुपारी पश्चिमेचं ऊन येई. बदलीताई त्या वेळेला उठून आतल्या खोलीत जाऊन बसे. कधीकधी छतातून आवाज येई, टक्. जरा थांबून, पुन्हा टक्. जावई म्हणायचा, "नळाचा पाइप तापला की वाजतो, आई." त्याने प्लंबर आणला, पाइप बदलला. टक् चालूच राहिला, पण आता बदलीताईने सांगणं सोडलं. जिन्यातला दिवा आपोआप लागे तेव्हा ती पायरीवर थांबून पलीकडच्या काळोखाकडे बघे. तिला भीती वाटत नसे. तिथे तो काठी घेऊन उभा आहे याची तिला जवळजवळ खात्रीच असे. भीती होती ती एवढीच, की तो आता काय बोलेल.

अशात एके दिवशी बाईसाहेबांचा फोन आला. बाईसाहेब म्हणजे जुन्या मालिकांतल्या नायिका, मग आई, मग सासू. बदलीताईने त्यांच्या जागी जितक्या खुर्च्या, पलंग, झोपाळे आणि एकदा तर शवपेटी गरम केली होती, तेवढं कुणासाठीच केलं नव्हतं.

"आपली गोल इमारत विकली, कळलं ना?" बाईसाहेब म्हणाल्या. "फ्लॅट होणार. बाहेरची भिंत ठेवतायत, आतलं पाडतायत. स्टुडिओ दोन अजून उभा आहे, त्यात नमुन्याचा फ्लॅट बांधलाय. त्याची जाहिरात आहे. मी आजी. खिडकीत बसायचंय."

"अभिनंदन," बदलीताई म्हणाली.

"डोंबलाचं अभिनंदन. माझे गुडघे गेलेत. दिवे लावेपर्यंत मी नाही बसणार तिथे. मी त्यांना सांगितलंय, माझी बदली आणा, नाहीतर मी येत नाही. त्यांना बदली म्हणजे काय तेच कळेना. तू येतेस ना?"

बदलीताई म्हणाली, येते. स्टुडिओ दोन. तोच काळोख. तो जर कुठे असेल तर तिथे असेल, आणि तिथे त्याने "घालव" म्हटलं तर या खेपेला ती उठणार नव्हती. बसून राहणार होती. बघू तरी, मग तो काय म्हणतो. हे सगळं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं, पण कळून काही कमी होत नव्हतं.

लेकीने शाळेत रजा टाकली आणि गाडीतून तिला नेलं. फाटकावर मोठा फलक होता, त्यावर एक हसरं कुटुंब आणि खाली, "जिथे इतिहास घडला, तिथे घर करा." बातम्यांच्या खोलीत व्यायामशाळा होणार होती. मेकअपच्या खोल्यांत सायकली ठेवायची जागा. कँटीनच्या जागी पोहण्याचा तलाव, तिथे आत्ता नुसता खड्डा होता आणि त्यात पाणी साचलं होतं. लेक खड्ड्याच्या कडेला थांबून म्हणाली, "इथे मला तो कँटीनवाला टेबलावर बसवायचा." गोल बोळाचा अर्धाच भाग शिल्लक होता. तो चालत गेलं की एकदम आकाश लागे.

स्टुडिओ दोनचं जाड दार अजून तसंच होतं. आत पाऊल टाकलं आणि बाहेरचा यंत्रांचा आवाज कापल्यासारखा थांबला. भल्यामोठ्या अंधाऱ्या जागेच्या मधोमध एक फ्लॅट उभा होता. तीन भिंती, सोफा, भांड्यांनी सजवलेलं स्वयंपाकघर, खिडकी, आणि खिडकीबाहेर टांगलेलं झाडांचं चित्र. वर छप्पर नाही. वर तीच लोखंडी जाळी, पण तिच्यावर आता दिवे नव्हते.

"आई, हा तर सेट आहे," लेक कुजबुजली.

"इथे सेटच असतात," बदलीताई म्हणाली.

कॅमेरा एका तरुण मुलीकडे होता. तिने केस वर बांधले होते आणि गळ्यात टेप अडकवली होती. तिने नमस्कार केला, आजी अशी हाक मारली, आणि खिडकीपाशी खुर्ची दाखवली. बदलीताई बसली. बाईसाहेब कुठेतरी मागे, उशा लावलेल्या आरामखुर्चीत होत्या. लेक कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

दिवे लागले. नवीन दिवे, पातळ पाट्यांसारखे, त्यांना ऊब नाही, तापलेल्या धुळीचा वास नाही. पण भिंत तीच. उजेड डोळ्यांवर आला आणि पलीकडचं सगळं पुसलं गेलं, लेक, बाईसाहेब, कॅमेरा, सगळं. काळोख तिच्याकडे बघत होता. तिने कान दिले.

"थोडं डावीकडे," काळोखातून पोरीचा आवाज आला. "हनुवटी खाली. हां."

बदलीताईने हनुवटी खाली केली. आता, ती मनाशी म्हणाली. आता तो म्हणेल. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले, म्हणजे पाय उठायला लागले तरी आपण उठायचं नाही. ती थांबली. कोणी काही बोललं नाही. दिवे जळत राहिले. दूर कुठेतरी कोणीतरी खोकलं. ती थांबली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, ते उजेडाने की कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि ते गालावर आलं तरी तिने पुसलं नाही. खुर्चीत बसलेल्याने हात हलवायचा नसतो.

उजेडात एक सावली शिरली. बाईसाहेब होत्या, काठी टेकत आलेल्या. "ऊठ गं," त्या म्हणाल्या. "कधीचं झालंय यांचं. सगळे तुझी वाट बघतायत."

"ह्यांनी घालव म्हटलेलं नाही अजून," बदलीताई म्हणाली.

तिचा आवाज त्या रिकाम्या जागेत चांगलाच मोठा घुमला. जाहिरातवाला काहीतरी बोलायला गेला, त्याला बाईसाहेबांनी नुसत्या हाताने गप्प केलं. त्या वाकल्या, गुडघे दुखत असतानाही वाकल्या, आणि बदलीताईच्या कानाशी म्हणाल्या, "अगं, हल्ली घालवत नाहीत. हे तापतच नाहीत. ही पोरं दिवे चालू असतानाच उठवतात माणसाला."

बदलीताईने त्यांच्याकडे बघितलं. मग ती उठली. दिवे चालू असताना खुर्ची सोडायची तिची पहिलीच वेळ. ती उजेडातून चालत कॅमेऱ्याच्या बाजूला आली, आणि तिथे काळोख नव्हताच. तिथे चांगलं दिसत होतं. वायरी, चहाचे कप, अवघडलेली माणसं, आणि लेकीचं पांढरं पडलेलं तोंड. काठी घेतलेलं कोणी नव्हतं. तिने एकेक कोपरा बघितला. कोणी नव्हतं.

लेकीने तिला हाताला धरून गाडीत बसवलं. बसल्यावर तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"आई, तिथे काय झालं तुला?"

आणि बदलीताईने सांगितलं. समोरच्या फलकावरच्या हसऱ्या कुटुंबाकडे बघत तिने सगळं सांगितलं. की हात धरला नव्हता. की मी उठले. चहा करत होते. तू विचारलंस तेव्हा तुझं तोंड बघून मला नाही म्हणवेना.

लेकीने किल्ली परत काढून घेतली. "म्हणजे बाबा एकटे होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरतेय. त्यांच्या बहिणीला सांगितलं. माझ्या पोरांना सांगितलं." तिचा आवाज चिरकला. "मला निदान सांगायचंस गं. मी काय तुला फाडून खाल्लं असतं?"

फाटकातून एक ट्रक विटा घेऊन बाहेर पडला. लेकीने डोळे पुसले आणि एकदम मान वळवली.

"थांब. म्हणजे बाबा बोलले? शेवटच्या दिवशी बोलले ते?"

"बोलले."

"मला वाटत होतं एक शब्दही नाही. काय बोलले?"

"तेच आपलं. हनुवटी खाली. डावीकडे. पुरे. जरा इकडे. मग हां, घालव. मला सांग," बदलीताईने तिचा हात धरला, "त्यांना मी दिसले का गं? का नुसती बदली दिसली? का मला बाहेर काढलं त्यांनी? मला तेवढंच कळत नाही. मी रात्रंदिवस तेच घेऊन बसलेय."

लेक विचार करत होती. तिच्या कपाळावर बाबांसारखीच आठी पडली. "किती वेळ चाललं होतं हे?"

"बराच वेळ. ऊन उशीवर होतं, ते पायथ्याशी गेलं तोवर."

"तेवढा वेळ? बाबा?" लेक म्हणाली. "त्यांना उभ्या आयुष्यात कुणाच्या तोंडावर उजेड लावायला इतका वेळ लागला नसेल. माझ्या लग्नात तो फोटोवाला पाच मिनिटं लावत होता, तर त्याला हाकलून स्वतः त्याची दिव्याची छत्री धरून उभे राहिले."

"दुरुस्त्या सांगत होते ना मधूनमधून."

"आई, ऊन होतं ते. खिडकीतलं ऊन. त्यात कसल्या दुरुस्त्या करायच्या होत्या त्यांना? तुला बघत होते ते."

बदलीताई हळूहळू पुढे वाकली, तिचं कपाळ समोरच्या काचेच्या कडेला टेकलं, आणि त्या दुपारपासून जे रडणं तिने लोकांसमोर मान खाली घालून टाळलं होतं ते सगळं बाहेर आलं. लेकीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"परत सांग," लेक म्हणाली. "पहिल्यापासून. बाबा काय काय म्हणाले ते सगळं सांग."